विश्लेषण : मॅगझिन बदलताना बंदूक का अडते? फायरिंग रेंजवरचे उस्ताद एकच गोष्ट शंभरदा का सांगतात?

वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरेपासून दौंडपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे रस्त्याकडेला धावणारी मुले दिसली, की ती पोलीस भरतीची तयारी करत आहेत हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. राज्य राखीव पोलीस बलासाठी (एसआरपीएफ) ५ किलोमीटर, जिल्हा पोलिसांसाठी १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, हे गणित त्यांना पाठ असते. दौंडमध्ये या बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, तर शेजारच्या नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. भरती झाल्यावर मात्र एका वेगळ्याच परीक्षेला सामोरे जावे लागते. ती धावण्याची नसते, ताकदीचीही नसते. हातातल्या शस्त्राचे मॅगझिन काढून दुसरे लावायचे आणि ते नीट बसले याची खात्री करायची, एवढीच ती असते. दिसायला दोन सेकंदांचे काम. पण याच कामावर उस्ताद मंडळी, म्हणजे शस्त्र प्रशिक्षक, दिवसचे दिवस घालवतात. ते असे का करतात आणि त्यांचा ओरडा कितपत उपयोगी असतो, याचा हा आढावा.

मॅगझिन म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेत ज्याला ‘गोळ्यांचा डबा’ म्हणतात, ते मॅगझिन प्रत्यक्षात एक छोटे यंत्र आहे. बाहेरचे कवच, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर बसलेली आणि गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी (फॉलोअर), तळाचे झाकण आणि तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा, असे त्याचे पाच भाग. या कडांना ‘ओठ’ म्हणतात. स्प्रिंग गोळ्यांना सतत वर ढकलते आणि ओठ त्यांना बाहेर उडू देत नाहीत. गोळी सुटली की बंदुकीचा बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये नेतो.

म्हणजे बोल्ट मागे जाऊन पुढे येईपर्यंतच्या क्षणभरात स्प्रिंगने पुढची गोळी नेमक्या उंचीवर आणून ठेवलेली असली पाहिजे. ती काही मिलिमीटर खाली राहिली तर बोल्ट तिच्यावरून निघून जातो. ती तिरकी आली तर मध्येच अडकते. स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रे अडण्याच्या अनेक प्रकारांचे मूळ त्यामुळे बंदुकीत नसते, मॅगझिनमध्ये असते. बंदूक महाग आणि मॅगझिन स्वस्त असल्याने लक्ष मात्र बंदुकीकडेच जाते.

‘टक्’ असा आवाज एवढा महत्त्वाचा का?

मॅगझिन आपल्या जागी पूर्ण गेले की एक खटका त्याला पकडतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज आला नाही, तर मॅगझिन घर्षणाने जागेवर टिकून असते, पण अडकलेले नसते. पहिली गोळी कदाचित सुटते. धक्क्याने मॅगझिन किंचित खाली सरकते आणि दुसऱ्या वेळी ट्रिगर दाबल्यावर नुसता ‘खट’ असा आवाज येतो. कधी तर मॅगझिनच जमिनीवर पडते.

यात नवख्याला फसवणारी एक खास मेख आहे. मॅगझिन काठोकाठ भरलेले असेल आणि बोल्ट बंद असेल, तर सर्वांत वरची गोळी बोल्टच्या खालच्या बाजूला टेकते. मॅगझिन खटक्यात बसवायचे तर स्प्रिंग अजून थोडी दाबली गेली पाहिजे. रिकाम्या मॅगझिनने सराव करताना जेवढा जोर पुरतो, तेवढा भरलेल्या मॅगझिनला पुरत नाही. वर्गात दहा वेळा अचूक करणारा जवान रेंजवर चुकतो तो इथे. म्हणूनच ‘तळहाताने खालून ठोका आणि मग खाली ओढून बघा’ अशी जोडसूचना दिली जाते. ठोकल्याने मॅगझिन बसते, ओढल्याने ते बसल्याची खात्री होते. रेंजवर कानात बोळे किंवा कानांवर आवरण असते, आजूबाजूला गोळीबार सुरू असतो. अशा वेळी ‘टक्’ ऐकू येईलच असे नाही. ओढून पाहणे हा कानाऐवजी हाताने घेतलेला पुरावा असतो.

ठोकण्याची पद्धतही सर्व शस्त्रांना सारखी नाही. पिस्तुलाचे मॅगझिन मुठीत सरळ वर जाते. एके-४७ चे मॅगझिन मात्र आधी पुढच्या बाजूने अडकवून मग मागे फिरवत बसवावे लागते. ते सरळ वर ठोकत बसले तर बसणारच नाही. त्यामुळे एका शस्त्रावर तयार झालेला हात दुसऱ्या शस्त्रावर नव्याने तयार करावा लागतो. पोलिसांच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे, कारण एकाच जवानाच्या हाती बंदोबस्तानुसार वेगवेगळी शस्त्रे येतात.

पूर्वी बंदूक भरण्याचे शिक्षण कसे असे?

भरण्याच्या सरावाचे महत्त्व मॅगझिनच्या आधीपासूनचे आहे आणि त्याचा एक धागा थेट तळेगाव ढमढेरेला जोडलेला आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची कंपनी सरकारची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ च्या सकाळी ती तळेगाव ढमढेरेलगतच्या उंचवट्यावर पोहोचली आणि तेथून तिला भीमेपलीकडे पेशव्यांचे सैन्य दिसले. पुढे कोरेगाव भीमा येथे दिवसभर लढाई झाली.

त्या काळातील चकमकीची बंदूक भरणे म्हणजे एकामागून एक ठरलेल्या कृतींची मालिका होती. कागदी काडतूस दाताने फाडायचे, थोडी दारू बाहेरच्या वाटीत आणि उरलेली नळीत ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, गज परत जागेवर ठेवायचा, मग नेम. चांगला तयार शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढू शकत असे. धूर, आरडाओरड आणि तहान यांत एखादी कृती गाळली गेली तर बार फुसका जाई किंवा गजच नळीतून उडून जाई. त्यामुळे त्या काळच्या पलटणींत बंदूक भरणे कवायतीसारखे, आकडे मोजत शिकवले जाई. विचार करायला वेळ नसेल तेव्हा हाताने आपोआप करावे, हा त्यामागचा हेतू. दोनशे वर्षांत शस्त्र पूर्ण बदलले, पण हा हेतू बदललेला नाही.

२६/११ ने महाराष्ट्राला काय दाखवले?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ घेऊन शिरले. समोरच्या पोलिसांपैकी काहींकडे लाठ्या होत्या, काहींकडे पॉइंट ३०३ रायफली. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात आणि ते संपले की पुढचे लावता येते. पॉइंट ३०३ मध्ये दहा गोळ्या आणि प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो. या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. म्हणजे जुने शस्त्र नुसते संथच नव्हते; ते नीट भरण्यासाठीही नियमित सराव हवा होता.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या आणि सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांच्या शौर्याबद्दल दुमत नाही, पण प्रशिक्षणाच्या अंगाने पाहिले तर ती रात्र एक अवघड प्रश्न मागे ठेवून गेली : शिपायाला शौर्य दाखवावे लागण्याआधी व्यवस्थेने त्याला काय दिले होते?

राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. शस्त्रे आणि दारूगोळ्याची कमतरता, त्यामुळे रखडलेला गोळीबाराचा सराव, यांवर समितीने बोट ठेवले. नवी शस्त्रे आली, ‘फोर्स वन’ उभे राहिले. पण नवे शस्त्र देणे सोपे आणि त्याचा सराव टिकवणे अवघड असते. कारण सरावाला गोळ्या लागतात, रेंज लागते आणि बंदोबस्तातून मोकळा वेळ लागतो. तिन्ही गोष्टी कायम कमी पडतात.

चांगले शस्त्रही मॅगझिनमुळे बदनाम होते का?

होते. पुण्यात पाषाण येथील ‘आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट’ने (एआरडीई) इन्सास रायफलचा आराखडा तयार केला. ५.५६ मिलिमीटर गोळीच्या या रायफलीला आरपार दिसणारे प्लास्टिकचे २० गोळ्यांचे मॅगझिन आहे. किती गोळ्या उरल्या हे एका नजरेत कळावे, ही कल्पना चांगलीच होती. मात्र १९९९ च्या कारगिल युद्धात उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. प्लास्टिक थंडीत ठिसूळ होते. तडा गेला की ओठांमधले अंतर बदलते आणि गोळी नेमक्या कोनात वर येत नाही.

अमेरिकेलाही व्हिएतनाममध्ये असाच धडा मिळाला. १९६६-६७ मध्ये एम-१६ रायफली अडण्याचे प्रमाण इतके वाढले, की अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. दारूचा प्रकार बदललेला, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही आणि सैनिकांना साफसफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नाही, अशी कारणे पुढे आली. त्या काळात सैनिकांनी २० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये १८ च भरण्याची सवय लावून घेतली. काठोकाठ भरले नाही तर स्प्रिंगला थोडी जागा राहते आणि मॅगझिन बसवायलाही कमी जोर लागतो. एक-दोन गोळ्या कमी घेण्याचा सल्ला आजही अनेक प्रशिक्षक देतात, तो यातूनच.

उस्तादांचा सल्ला साधारण काय असतो?

शस्त्र आणि दल बदलले तरी मॅगझिनबाबतचा विश्वासार्ह सल्ला जवळपास सारखाच आढळतो.

• मॅगझिनवर क्रमांक टाका. दहांपैकी एकच मॅगझिन सतत अडत असेल तर ते ओळखता आले पाहिजे. क्रमांक नसेल तर दोष दहाही मॅगझिनवर आणि शेवटी बंदुकीवर जातो.

• ओठ वाकलेले, तळाचे झाकण सैल झालेले किंवा तडा गेलेले मॅगझिन हाताने ठाकठीक करून पुन्हा वापरात आणू नका. ते शस्त्रागारात, म्हणजे दलाच्या भाषेतल्या ‘कोत’मध्ये, आर्मररकडे द्या.

• नळी साफ करण्यासाठी पुलथ्रू आणि चिंदी असते, पण मॅगझिन विसरले जाते. तेही उघडून पुसा. आत तेल थापू नका; तेलाला धूळ चिकटते. उन्हाळ्यात उजाड माळावरच्या रेंजवर हे लगेच जाणवते.

• पाऊचमध्ये सगळी मॅगझिन एकाच दिशेने ठेवा. हात न बघता गेला पाहिजे आणि बाहेर आला तेव्हा मॅगझिनचे तोंड बरोबर दिशेला असले पाहिजे.

• नवे मॅगझिन हाती आल्याशिवाय जुने काढू नका. अर्धवट भरलेले आणि रिकामे मॅगझिन एकाच पाऊचमध्ये मिसळू नका.

• बसवा, ठोका, ओढा. दरवेळी. रिकाम्या सरावातसुद्धा.

‘खट’ आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर काय? पिस्तुलांमध्ये साधारणपणे शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागेच थांबते, त्यामुळे मॅगझिन संपल्याचे कळते. एके-४७ मध्ये तसे होत नाही. मॅगझिन संपले तरी आणि नीट बसले नसले तरी ‘खट’ हाच आवाज येतो. प्रत्यक्ष कारवाईत म्हणून एकच तातडीची कृती शिकवली जाते : मॅगझिन ठोका, कॉक करा, पुन्हा नेम घ्या. त्यानेही काम झाले नाही तर मॅगझिन बदला. सरावाच्या रेंजवर मात्र नियम उलटा आहे. तिथे नळी लक्ष्याकडेच ठेवायची, थांबायचे आणि हात वर करून उस्तादाला बोलवायचे. काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते. घाईने बोल्ट उघडला तर ते तोंडासमोर फुटू शकते. हा फरक नवख्याच्या डोक्यात स्पष्ट करणे, हेच प्रशिक्षकाचे खरे कौशल्य.

उस्ताद ओरडतात, ते योग्य की अयोग्य?

याचे उत्तर ते कशासाठी ओरडतात यावर आहे. रेंजवर एकच आवाज चालला पाहिजे, हा सुरक्षेचा नियम आहे. ‘थांबा’ म्हटल्यावर शेवटच्या रांगेतल्या, कान झाकलेल्या जवानापर्यंत ते पोहोचलेच पाहिजे. कोणाची नळी शेजाऱ्याकडे वळली तर समजावून सांगायला वेळ नसतो. त्या क्षणीचा मोठा आवाज हा राग नसतो, ती सुरक्षेची सूचना असते.

पण शिकवतानाचा ओरडा ही वेगळी गोष्ट आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले, की कोणतेही हातचे कौशल्य तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात माणूस विचार करून एकेक कृती करतो, दुसऱ्यात चुका कमी होत जातात, तिसऱ्यात हात आपोआप चालतो. पहिल्या टप्प्यातच डोक्यावर उभे राहून ओरडले, तर शिकणाऱ्याचे लक्ष मॅगझिनवरून उस्तादाच्या चेहऱ्यावर जाते. तो मॅगझिन बसवायला शिकत नाही, ओरडा चुकवायला शिकतो. ताण द्यायचाच असतो. पण तो तिसऱ्या टप्प्याच्या आसपास, हात बसल्यावर. धावून दम लागल्यावर, अंधारात, हातमोजे घालून, मध्येच एखादी नकली गोळी मिसळून. तेव्हाचा ताण कौशल्य पक्के करतो.

याच तर्काने चांगले प्रशिक्षक पर्यायही कमी ठेवतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले, की निवडीचे पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. मॅगझिन बदलण्याच्या पाच ‘स्टाइल’ शिकवणाऱ्यापेक्षा एकच पद्धत पाचशे वेळा करून घेणारा उस्ताद कंटाळवाणा वाटतो, पण जवानाच्या उपयोगी तोच पडतो.

धाकाचा आणखी एक तोटा फारसा बोलला जात नाही. मॅगझिन पडले, ओठ वाकले आणि ते सांगितले तर शिक्षा किंवा भरपाई, असे वातावरण असेल तर जवान ते गुपचूप परत ठेवतो. दुसऱ्या दिवशी तेच मॅगझिन दुसऱ्याच्या वाट्याला येते. दोष लपवला म्हणून नाहीसा होत नाही, फक्त हात बदलतो. त्यामुळे ‘खराब मॅगझिन आणून देईल त्याला बोलणार नाही’ असे सांगणारा आणि तसे वागणारा उस्ताद हा मवाळ नसतो. तो पुढची दुर्घटना टाळत असतो.

उस्तादांनी सांगितलेले सगळेच खरे असते का?

नाही, आणि याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी पाच मिनिटांच्या आत ठार झाले. त्यांतील एक जण रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक गोळी भरत असताना मारला गेला. त्यानंतर सहा गोळ्या एकदम भरता येणारे साधन वापरात आले आणि अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षण मुळापासून बदलले.

याच घटनेबद्दल प्रशिक्षकांनी पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट सांगितली : मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण रेंजवर पुंगळ्या गोळा करण्याची सवय त्याला चकमकीतही सुटली नाही. गोष्ट परिणामकारक आहे, पण पुढे या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार मिळाला नाही. पुंगळ्या जमिनीवरच होत्या. गोष्ट टिकली, कारण ती शिकवायला सोयीची होती.

तरी तिच्यातला इशारा आपल्याकडे लागू आहे. भारतीय पोलीस आणि लष्करात सरावानंतर प्रत्येक पुंगळी मोजून परत करावी लागते. हिशेब हवाच, पण गोळीबार आणि वेचणे या दोन कृती वेगळ्या वेळी झाल्या पाहिजेत. मॅगझिन बदलताना डोळे जमिनीवरच्या पुंगळ्यांकडे जाऊ लागले, तर सरावातूनच चुकीची सवय लागते.

दुसरा लोकप्रिय समज म्हणजे ‘मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग मरते’. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे अर्धसत्य आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी थकत नाही. तिला अधिक थकवते ते वारंवार दाबणे-सोडणे आणि मर्यादेपलीकडे दाबणे. शिवाय गंज. पावसाळी बंदोबस्तात भिजलेले मॅगझिन न पुसता ठेवले, तर महिनाभर भरून ठेवण्यापेक्षा अधिक नुकसान होते. ‘माझ्या उस्तादांनी असे सांगितले’ यापेक्षा ‘चला, तपासून बघू’ म्हणणारा प्रशिक्षक म्हणून अधिक भरवशाचा.

नेमबाजीच्या स्पर्धेतही हीच अडचण येते का?

येते, फक्त किंमत वेगळी असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद खुले होते आणि तेवढ्यात एक गोळी झाडायची असते. पिस्तूल अडले तर पंच कारण तपासतात. शस्त्राचा खरा बिघाड असेल तर नियमानुसार संधी मिळते. मात्र सेफ्टी काढायची राहिली, गोळ्या कमी भरल्या किंवा मॅगझिन नीट बसवले नाही, तर तो खेळाडूचा दोष ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्यांना शून्य. म्हणजे ‘टक्’ आवाजाची जबाबदारी कोणाची, हे आंतरराष्ट्रीय नियमांनीच ठरवून टाकले आहे.

खेळातले प्रशिक्षक सहसा ओरडत नाहीत. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात मॅगझिन नसते, एकेक गोळी भरावी लागते. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांच्याबद्दल तो आईच्या जागी असल्यासारखे बोलतो. धाकाशिवायही काटेकोरपणा शिकवता येतो, याचे हे उदाहरण आहे.

परवानाधारकांनी काय लक्षात ठेवावे?

मॅगझिनबाबतची सर्वांत धोकादायक चूक ते लावताना होत नाही, काढताना होते. ‘मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले’ हा समज चुकीचा आहे. मॅगझिन काढल्यावरही एक गोळी चेंबरमध्ये असू शकते आणि अनेक पिस्तुले मॅगझिनशिवायही ती गोळी झाडतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर काढायची, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर तपासायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तर एक गोळी बाहेर पडते आणि त्याच झटक्यात मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये जाते. धारकाला वाटते, गोळी पडलेली पाहिली म्हणजे पिस्तूल रिकामे. ड्युटी बदलताना किंवा निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करताना घाई असते, तेव्हा नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवण्याला पर्याय नाही.

शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे. ती कागदापुरती उरकायची की खरोखर शिकायची, हे अर्जदाराच्या हाती आहे. शिरूर-दौंडच्या शेतवस्त्यांवर पूर्वीपासून असलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीला मॅगझिन नसते. ती उघडली की भरली आहे की रिकामी, हे दिसते. तिच्या सवयीचा माणूस पिस्तुलाकडे वळला तर हा दृश्य पुरावा त्याच्याकडे उरत नाही. त्याला नव्याने शिकावे लागते.

बेकायदा गावठी पिस्तुलांबद्दल तर वेगळे सांगायला नको. शस्त्र कायदा १९५९ नुसार ते बाळगणे गुन्हा आहेच. शिवाय मोजमापाशिवाय बनवलेले मॅगझिन आणि चेंबर कधी अडेल किंवा हातात फुटेल, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसते.

मग प्रश्न उरतो कुठे?

दारूगोळ्याचा प्रश्न पुणे जिल्ह्याला परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालयही पुण्यातच आहे. तरी सरावाच्या गोळ्यांचा हिशेब प्रत्येक दलाला काटकसरीनेच करावा लागतो. मॅगझिन बदलण्याच्या सरावाला मात्र खऱ्या गोळ्या लागत नाहीत. नकली गोळ्या, रिकामे मैदान आणि दिवसातली दहा मिनिटे पुरतात. प्रशिक्षण केंद्रातला काळ संपल्यावर ही दहा मिनिटे मिळतात का, हा खरा प्रश्न आहे. गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चे यांच्या बंदोबस्तात महिनोन्‌महिने शस्त्र खांद्यावर असते, हातात नसते. हाताची सवय वापरली नाही की विरते.

तळेगावच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांपैकी काही जण उद्या त्या रेंजवर उभे असतील. पाच किलोमीटरची वेळ त्यांनी घड्याळ लावून कमी केलेली असेल. मॅगझिनच्या दोन सेकंदांना तसे घड्याळ आधी लावायचे नसते. आधी ते प्रत्येक वेळी नीट बसले पाहिजे. वेग त्यानंतर आपोआप येतो. तो उस्ताद शंभराव्यांदा ‘ओढून बघ’ म्हणतो, तेव्हा त्याला एवढेच सांगायचे असते.